आबांना दिसलेली पुष्पा

एरंडोल,
१२ नोव्हेंबर १९९१

चि. लतास,
अ. उ. आ.

तू धुळ्याला पांढरा कोट घालून फिरतेस, हे तुझ्या प्रमिलावहिनीने साऱ्या गल्लीत सांगून ठेवलं आहे. आता आल्यावर निम्मं गाव तुझ्याकडून डोळे तपासून घेईल, तयारीने ये. कापसाची पहिली वेचणी झाली.

आता खरं ते लिहितो. काचबिंदूने आबांची नजर गेली ते तू पाहूनच गेलीस. दिवाळीपासून त्यांना आपली पुष्पा दिसते. सहा वर्षांची असताना घटसर्पाने गेली ती. तू तेव्हा पाळण्यात होतीस. लाल परकर घालून दारात उभी असते म्हणतात. परवा जेवताना त्यांनी शेजारी आणखी एक ताट मांडायला सांगितलं. प्रमिलाने विचारलं, कोणासाठी? तर पुष्पा खरंच घरी आली आहे अशा थाटात हसून म्हणाले, "मनी पुष्पी उनी शे."

प्रमिला दुपारची घरात एकटी थांबत नाही. भटूकाका भगताला बोलवायचं म्हणतात. आई असती तर तिने काहीतरी ठरवलं असतं. तू डोळ्यांचंच शिकतेस, म्हणून विचारतो.

काळजीत असलेला तुझा भाऊ,
सुकदेव


धुळे,
२० नोव्हेंबर १९९१

ती. भाऊस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून रडले, आणि नंतर आनंदही झाला. आबांना वेड लागलेलं नाही आणि घरात कोणी शिरलेलं नाही. आमच्या सरांना विचारलं, त्यांनी पुस्तकच काढून दाखवलं.

सध्या आम्हाला हेच शिकवतात. डोळा फक्त उजेड आत घेतो, बघण्याचं काम मेंदू करतो. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की काहींचा मेंदू आपल्या मनानेच चित्रं उभी करतो. माणसं, मुलं, फुलांची नक्षी. ती बोलत नाहीत, आणि बहुतेक वेळा ओळखीची नसतात. आबांना विचार, तिचा चेहरा दिसतो का. पुढे ही चित्रं आपोआप थांबतातही.

भगत नको. हे पत्र आबांना वाचून दाखव, म्हणजे त्यांचा घोर जाईल. वहिनीला सांग, धीर धर. तिच्या हातच्या कळण्याच्या भाकरीची फार आठवण येते.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
लता


एरंडोल,
३ डिसेंबर १९९१

चि. लतास,
अ. उ. आ.

पत्र वाचून दाखवलं. चेहऱ्याचं जे लिहिलं होतंस ते आबांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, चेहरा कधी दिसलाच नाही, परकरावरून पुष्पा धरून चाललो होतो.

प्रमिलाची भीती गेली. भटूकाकांनीही भगताचा विषय सोडला. आबा आता दुसरं ताट मागत नाहीत. दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात, पण काही सांगत नाहीत. तुझ्यामुळे घर सावरलं.

तब्येत सांभाळ.
तुझा भाऊ,
सुकदेव


एरंडोल,
९ फेब्रुवारी १९९२

चि. लतास,
तुझ्या आबाचा आशीर्वाद.

प्रमिलाकडून लिहून घेतो आहे. सुकदेव शेतात गेला आहे.

बेटा, तू लिहिलंस ते मी मानलं. तुझ्यावर राग नाही. पण चित्र आहे हे कळल्यावरही मी बघतच होतो, कोणाला बोललो नाही. चेहरा नसेना, उंची तेवढीच होती.

संक्रांतीनंतर ती दिसायची थांबली. सुकदेवला सांगितलं, तर तो म्हणाला, बरं झालं. त्याचंही खरं आहे. पुष्पा गेली तेव्हा तुझी आई आणि मी तिच्या उशाशी होतो, तिचा हात माझ्या हातात होता. या वेळी कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. दोन-चार दिवस मी रिकाम्या दाराकडेच बघत बसलो होतो.

प्रमिला लिहिता लिहिता रडते आहे, अक्षर समजून घे.

अभ्यास सोडू नकोस, चांगली शीक. पुढे एखादा म्हातारा तुझ्यापुढे बसून असं काही सांगू लागला, तर त्याला आधी विचार, कोण दिसतं, कसं दिसतं. त्याला पोटभर सांगू दे. मग खरं काय ते सांग.

सुट्टी लागली की लगेच निघ.
तुझा आबा