आर्लीनला मागे टाकताना

१९ जून

कॅनडापर्यंतच्या पायी वाटेवर, पिंचो खिंडीच्या अलीकडे मुक्काम. आजही आर्लीन दिवसभर बोलत होती.

अडुसष्ट वर्षांची बाई. मिनेसोटात शाळेची बस चालवायची. गेल्या आठवड्यात वाटेत भेटली ती चिकटलीच. बस, मांजर, सुनेचं स्वयंपाकघर... चढावर मला श्वास घ्यायला तोंड पुरत नाही, हिला बोलून वर उरतं.

तक्रार तरी कुठल्या तोंडाने करू? मी दाताच्या दवाखान्यात दात साफ करते. जन्मभर लोकांच्या तोंडात नळी खुपसून मी बोलत राहिले, ते बिचारे ‘अं अं’ करत राहिले. फेड इथेच करायची असते म्हणतात, ते खरं आहे.

पण ठरलं. उद्या ती उठायच्या आत निघायचं.

२० जून

पहाटे पळाले. पाठीवर घर घेतलेली चोर! तंबूची चेन उघडताना जीव मुठीत धरला, पण आर्लीन घोरत होती. (झोपेतही आवाज चालूच.)

खिंडीखाली बर्फात मांडीपर्यंत रुतले. बूट आत राहिला, पाय वर आला. बूट उकरून काढताना दोन तरुण मुलगे शेजारून हरणासारखे गेले. ‘मस्त चाललंय, आजी,’ म्हणाले. आजी! बावन्न वर्षांची आहे मी.

माथ्यावर काहीतरी भव्य वाटेल असं वाटलं होतं. भूक वाटली. रोटीला शेंगदाण्याचं लोणी फासून खाल्लं आणि उतरायला लागले. शांतता हवी होती, मिळाली. तिच्यात माझे गुडघे तेवढे बोलत होते.

दुपारी नदीवर आले आणि थांबले. दिवसभर बर्फ वितळून पाणी नुसतं उसळत होतं. ‘नदी सकाळी ओलांडायची, दुपारी नुसती बघायची’ – हे आर्लीनने मला किमान दहादा सांगितलं असेल. मी ऐकलं होतं थोडंच! आत शिरले, मांडीपर्यंत गेले, पाय उचलले जायला लागले तशी माघारी आले. दगडावर बसून राहिले. आणि चक्क तिची वाट बघायला लागले.

आली. झाडांशी बोलत आली.

‘अगं डेनिस, किती पळालीस! मला वाटलं पोट बिघडलं तुझं.’

‘हो, पोटच,’ म्हटलं.

‘तंबू लाव मग. सकाळी जाऊ.’

अख्खी संध्याकाळ हिच्यासोबत? नुसत्या कल्पनेने मी म्हटलं, ‘जमेल गं आत्ताच. दोघी आहोत.’ तिने नदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पडलोच तर सॅक टाकून देता यावी म्हणून पट्टे सैल केले.

एकमेकींचे दंड धरून निघालो. मध्यावर माझा पाय घसरला. पाणी नाकातोंडात. तिने एका हाताने माझा पट्टा पकडला, दुसरा हात दगडांच्या फटीत घातला आणि बोलत राहिली. ‘डावा पाय. हां. आता उजवा. बसमध्ये चढतेस तसा. पाण्याकडे नाही बघायचं, माझ्याकडे बघ.’ तिच्या आवाजामागोमाग मी काठाला लागले.

बसून बुटांतलं पाणी ओतलं.

‘पोट बरं झालं वाटतं,’ ती म्हणाली.

संध्याकाळी नूडल्स मीच केल्या. ती फारशी खाईना. ‘आज मी दमले बाई. तू बोल.’ मग काय, नळ सुटला माझा. दवाखान्यात निरोपाचा केक कापला ते. कॅनडापर्यंत चालत गेले नाही तर तोंड कसं दाखवू ते. आणि रॉजर, माझा नवरा. घर सोडताना त्याने एवढंच कारण दिलं होतं: ‘तू ऐकतच नाहीस, डेनिस.’ हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आर्लीन मध्ये एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, सुधारली.

२१ जून

सकाळी तिला सॅकचा पट्टा लावता येईना. मनगट पावासारखं फुगलेलं, निळं-काळं. काल त्या फटीत अडकलं होतं.

‘काल का नाही सांगितलंस?’

‘तू थांबली असतीस ना. इतकं छान बोलत होतीस.’

उत्तरेला मेदर खिंड, कॅनडा. पूर्वेला टाबूस खिंड आणि पलीकडे खाली सरळ वाळवंट, तिथे गाडीरस्ता. ‘तू जा पुढे,’ ती म्हणाली. ‘मी उतरेन हळूहळू. रस्त्यावर कुणीतरी गाडीत घेईल.’

मी तिचं सामान माझ्या सॅकमध्ये कोंबायला लागले. ‘मूर्ख आहेस,’ ती म्हणाली. नवीन काय सांगितलंस, म्हटलं.

पूर्वेला वळलो. उतार कसला, दगडांची रास. वाटेत ती दुखण्याने गप्प होती, म्हणून मीच बोलत होते. पाऊल कुठे टाकायचं तेवढंच.

२३ जून, बिशप गाव

हाड दोन ठिकाणी मोडलंय. एका हाताने तिला गाडी चालवता यायची नाही, विमानाला ती घाबरते. तिला घरी सोडायला मी गाडी भाड्याने घेतली आहे. मिनेसोटा इथून तीन दिवस. हात प्लास्टरमध्ये आहे, तोंड मोकळं. रेडिओ लावायचा नाही असं ठरवलंय. मीच.