बँकबाईचा सल्ला

९ ऑक्टोबर २०००

नाही म्हणायला हवं होतं. दोन अक्षरं – तेवढीही जमली नाहीत.

मुलांचं जेवण आटोपलं, ती वर्गात गेली आणि आम्ही तिघं शाळेच्या स्वयंपाकघरात कॉफीला बसलो. मी, भांडी धुणारी रित्वा आणि आमचा मुख्य आचारी एस्किल. एस्किलने सरकारकडून आलेला तो जाडजूड कॅटलॉग टेबलावर आपटला. म्हातारपणासाठी पगारातून जे कापतात त्यातला छोटा वाटा आता म्हणे ज्याचा त्याने गुंतवायचा. साडेचारशेच्या वर फंड, त्यातले फार तर पाच निवडायचे. न निवडणाऱ्याचे पैसे सरकार आपल्याच एका फंडात टाकणार. पण टीव्हीवर रोज 'निवडा, निवडा' चाललंय, त्यामुळे न निवडणारा म्हणजे आळशी, असंच सगळ्यांना वाटतंय.

एस्किल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "सोल्वेग बँकेत होती. ती सांगेल."

बँकेत! एकोणीस वर्षांची असताना एक उन्हाळा मी बँकेत टपाल फोडायला होते. पाकिटं उघडायची आणि ज्या त्या टोपलीत टाकायची. हे सांगायचं सोडून मी कपात बघत म्हणाले, "बघते घरी जाऊन."

वासरांत लंगडी गाय शहाणी, ती अशी.

११ ऑक्टोबर

कॅटलॉग वाचला. सुटे शब्द कळतात, वाक्य कळत नाही. जोखमीचा एक रकाना आहे. त्यात मोठा आकडा चांगला की वाईट? शुल्काचा रकाना आणखी वेगळा. फोन करून विचारायची सोय आहे, पण नेमकं विचारायचं काय, तेच समजत नाही. एक रकाना मात्र लख्ख कळला – गेल्या काळात कुठला फंड किती वाढला.

वाढला तो चांगला. यात कळायला बँक कशाला हवी?

१२ ऑक्टोबर

गुरुवार, म्हणजे शाळेत ठरलेलं वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. पॅनकेक उलटता उलटता एस्किलने विचारलंच. मी सगळ्यात जास्त वाढलेल्या पाच फंडांची नावं सांगितली. कॉम्प्युटरवाले, टेलिफोनवाले, सगळे त्यातलेच. आवाज असा लावला की माझा मलाच विश्वास बसला.

एस्किलने तिथेच पिठाच्या हातांनी लिहून घेतली. बायकोच्या फॉर्मवरही तीच भरणार आहे. त्याचे गुडघे गेलेत. वयाच्या पासष्टपर्यंत या फरशीवर उभं राहणं होणार नाही म्हणतो. हे पैसे चांगले वाढले तर निदान एक वर्ष आधी सुटेन, असा त्याचा हिशोब आहे. रित्वाने एवढंच विचारलं, "तू स्वतः हेच भरणार ना?" मी हो म्हटलं. "मग मीही." तिने मुलं लहान असताना कितीतरी वर्षं अर्धाच दिवस काम केलं, तिचं पेन्शन आधीच तुटपुंजं.

घरी आल्यावर कॅटलॉग पुन्हा उघडला, तसाच मिटला. पण आता काय? सांगून तर बसले!

१३ नोव्हेंबर

एस्किल हल्ली मला बँकबाई म्हणतो. लाज वाटायला हवी. खरं सांगायचं तर आवडतं.

२० फेब्रुवारी २००१

पेन्शनच्या खात्याचं पत्रक आलं. इतकं खाली? दोनदा वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. त्या दोघांकडेही आलंच असणार.

कॉफीला बसलो. एस्किल बर्फाबद्दल बोलला. रित्वा बर्फाबद्दल बोलली. मग मीही बोलले. आमच्याकडे कुणाच्या पैशाबद्दल विचारणं म्हणजे त्याच्या कपाटात डोकावणं. इतके दिवस ही रीत मला चांगली वाटायची. आज तिच्या आड लपले.

९ एप्रिल

एस्किलने आज थट्टेतच विचारलं, "काय बँकबाई, झालो का आपण श्रीमंत?"

मी म्हणाले, थांबायचं, घाई करायची नाही. हे वाक्य पेपरात वाचलं होतं. तो मान हलवून कांदे चिरायला गेला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. इतका विश्वास टाकू नये माणसाने कुणावर.

१४ ऑगस्ट

सुट्टीत एकही रात्र धड झोपले नाही. शेवटी आज कॅटलॉगमधल्या नंबरवर फोन केला. पलीकडची मुलगी अगदी गोड होती. मी म्हटलं, मला यातलं काहीच कळत नाही. पहिल्यांदाच बोलले हे, तेही अनोळखी मुलीपाशी! ती म्हणाली, बऱ्याच जणांना कळत नाही. मग तिने नीट समजावलं. काल जो सगळ्यात जास्त वाढला तोच उद्या सगळ्यात जास्त पडू शकतो. आणि पाच फंड एकाच धंद्यातले घेतले तर ते पाच नसतात, एकच असतो.

बदलले. पाचही सोडून एका साध्या, स्वस्त, संथ फंडात गेले. फुकट आणि पाच मिनिटांत.

"आणखी काही?" तिने विचारलं. मला त्या दोघांची आठवण आली. मी नाही म्हणाले. आज बरं जमलं 'नाही' म्हणायला!

२१ ऑगस्ट

शाळा सुरू झाली. एस्किल जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरतो आता. मला एकटीला गाठून म्हणाला, या वेळी थट्टेत नाही, "थांबायचं ना अजून?"

हो म्हणाले मी. हो!

नीघ म्हटलं असतं तर त्याने विचारलं असतं, तू निघालीस का? मग सगळंच बाहेर आलं असतं – फोन, रकाना, टपालाच्या टोपल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत त्याचे पैसे आहेत. असं करणाऱ्या बाईला मी काय म्हटलं असतं, ते इथेसुद्धा लिहवत नाही.

२ ऑक्टोबर

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१७ ऑक्टोबर

रित्वाला सांगितलं. ती तिघांत मऊ, म्हणून आधी तिला. भांड्यांचं मशीन बंद केलं आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. मला काही कळत नव्हतं, मी गुपचूप निघाले आणि तुम्हाला मागे ठेवलं.

ती हातमोजे काढत राहिली. मग म्हणाली, "मी फेब्रुवारीतच निघाले गं. लेकीने फोन करून बदलून दिलं."

"फेब्रुवारीत? मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला लागलं असतं. इतक्या हौसेने निवडले होतेस."

असा राग आला! आठ महिने ही समोर बसून कॉफी पीत होती आणि मी तिच्या काळजीने झुरत होते. माझे पैसे गेले ते गेलेच. अर्धा मिनिट टिकला राग. मग कळलं की बोलायला मला तोंडच नाही. मीही तेच केलंय. आणि तिने कुणाला 'थांब' तरी म्हटलं नव्हतं.

रित्वा हळूच म्हणाली, "एस्किल?"

मशीन पुन्हा सुरू केलं आणि दोघी ताटं लावायला लागलो.

१९ ऑक्टोबर

एस्किलला सांगितलं. रित्वा सोबत होती, पण बोलले मीच. किती गेले, ते त्याने विचारलं नाही. गॅस बंद केला, स्टूल ओढून बसला आणि मला म्हणाला, "ऑगस्टात मी तुला विचारलं, थांबायचं ना? तेव्हा तू कुठे होतीस?"

"बाहेर. आठवडा झाला होता निघून," मी म्हणाले.