भोंगा द्यावा, मग ऐकावं

१८ मार्च १९३४
आज पुन्हा तेच! आंबा घाटात तिसऱ्या वळणावर टपालाची मोटर एकदम नाकासमोर. हातभर अंतर राहिलं. तिचा ड्रायव्हर उतरून माझ्यावरच ओरडायला लागला. म्हणे, चार वेळा भोंगा दिला! मी म्हटलं, स्वप्नात दिलास.

घाटाची रीत साधी आहे. आंधळ्या वळणाआधी थांबायचं, भोंगा द्यायचा, पाच मोजायचे, ऐकायचं. पलीकडून उत्तर आलं तर उतरणाऱ्याने कड धरून उभं राहायचं, चढणाऱ्याने आधी जायचं. दहा वर्षं मी लॉरी घेऊन रत्नागिरी-कोल्हापूर करतोय, एकदाही चुकवलेलं नाही. हल्लीचे ड्रायव्हर मात्र उत्तरच देत नाहीत. महिनाभरात एकानेही दिलेलं नाही. लायसन हातात पडलं की झाले शहाणे!

२० मार्च
भिकाजीला विचारलं. भिकाजी माझा क्लीनर. पस्तिशीचा गडी, याच घाटात बारा वर्षं बैलगाडी हाकलेला. लॉऱ्या आल्या, त्याची भाडी गेली, बैल विकले आणि लॉरीवरच येऊन बसला. म्हटलं, ‘त्या टपालवाल्याने खरंच भोंगा दिला होता?’

तो आपल्या पायांकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘दिलान, दादा. चार येळा दिलान. मना वाटला तुमी आयकलात.’



२३ मार्च
पालीच्या पुढे सरळ रस्ता आहे. तिथे इंजिन बंद केलं. भोंगा काढून भिकाजीच्या हातात दिला आणि त्याला दोनशे पावलांवरच्या वडापर्यंत पाठवला. सांगितलं, दाबशील तेव्हा मुंडासं हलव.

मुंडासं हललं. वडावरचे कावळे उडाले. मला काही नाही.

त्याला जवळ बोलावलं. शंभर पावलं — काही नाही. पन्नासांवर डास गुणगुणल्यासारखं काहीतरी आलं. वीस पावलांवर आला तेव्हा भोंगा ऐकला.

फार घाबरलो. इथे लिहायला लाज कसली, हे पान कोण वाचणार!  हँडल मारून इंजिन सुरू करायला भिकाजीलाच सांगितलं.

२४ मार्च
घरी बोललो नाही. काशी म्हणाली, ‘हल्ली हाकेला ओसुद्धा देत नाही तुम्ही. ड्रायव्हर झालात म्हणून बायकोशी एवढा तोरा?’ तोरा असता तर बरं झालं असतं.

लॉरीचे मालक आप्पाशेठ, त्यांना कळलं की हातातलं चाक गेलं. आंब्याचा हंगाम तोंडावर आलाय. बंदरावरची पोरंसोरंही मला नावाने हाक मारत नाहीत, ड्रायव्हर म्हणतात. चाक गेल्यावर काय म्हणतील?

२६ मार्च
भिकाजीशी ठरलं. वळणावर भोंगा मी द्यायचा, ऐकायचं त्याने. खांद्यावर हात ठेवला तर थांब. थोपटलं तर चल. शेठच्या कानावर काही जायचं नाही.

तो म्हणाला, ‘मी आयकतो, तुमी हाका. पन मना गाडी शिकवा.’

बैलवाल्याला लॉरी! हसू आलं. पण हो म्हटलं. दुसरा उपाय काय होता?

३ एप्रिल
शिकवणी. हँडल धरताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवायचा. पलीकडून विळखा घातला की इंजिन उलटं मारतं आणि मनगट जातं. हे त्याला सहा वेळा सांगितलं. सातव्या वेळी त्याने मलाच सांगितलं.

गाडी अडली की हा तिला ‘हॉ हॉ’ करतो. म्हटलं, तिला कान नाहीत. 

१२ एप्रिल
करंड्या भरभरून निघताहेत. पावस गावचा माल पहाटेच येतो. सगळा वास गाडीत, आणि आम्हाला चाखायला एक फळ नाही!

आज भिकाजीला तीन गोष्टी सांगितल्या. ज्या गिअरात चढलास त्याच गिअरात उतर. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यातला होऊ नको — नुसता ब्रेक तापला की धरत नाही. आणि चाकाला लावलेला धोंडा निघताना उचलून कडेला टाक, मागून येणारा आपलाच भाऊ असतो.

तो म्हणाला, धोंड्याचं गाडीवानांतही असंच होतं.

१३ एप्रिल
रेडिएटरचं राहिलं. गरम असताना झाकण उघडायचं नाही. ओलं पोतं टाकून विडी ओढत बसायचं. विडी संपेपर्यंत निवतं.

२९ एप्रिल
बैलगाडीच्या मागे भोंगा देऊ नका, असं भिकाजीने मला शिकवलं. बैल बुजतात. त्यांच्या नजरेत येईपर्यंत हळू जायचं, गाडीवान आपणच बाजू देतो. दहा वर्षं मी उलटं करत होतो आणि गाडीवानांना शिव्या देत होतो.

सपाटीला आता चाक त्याच्या हातात देतो. बरा हाकतो. माझ्यापेक्षा सावकाश. खांद्यावरच्या हाताचीही सवय झालीय. आमचं दोघांचं मिळून चांगलं चाललंय, हंगाम निभावेल.

११ मे
भिकाजीला हीव भरलंय. मी शेठना काही बोललो नाही. बंदरावरचा एक हमाल सोबत घेतला आणि निघालो. त्याला काय सांगणार — माझे कान हो म्हणून?

चढताना काही झालं नाही.

१२ मे
उतरताना झालं.

पाचवं वळण. भोंगा दिला. पाच मोजले. दहा मोजले. हमाल करंड्यांना टेकून घोरत होता. निघालो. वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध एक बाई, डोक्यावर लाकडाची मोळी. ती मोळी टाकून दरडीवर चढली. गाडी मोळीवर जाऊन थांबली.

ती खाली उतरली आणि माझ्यासमोर उभी राहिली. गळ्याच्या शिरा ताणलेल्या. तोंड हलत होतं. ‘थांब, थांब’ म्हणून ती आधीपासून ओरडत असणार, आणि आता शिव्या देत असणार. कान आणखी गेलेत; मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हात जोडून उभा राहिलो. चाकाखालून लाकडं काढली, मोळी बांधून तिच्या डोक्यावर दिली. ती जाताना थुंकली, ते तेवढं दिसलं.

बाई वाचली ती तिच्या पायांमुळे. माझ्यामुळे नव्हे.

१३ मे
काशीला सगळं सांगितलं. ती रडेल असं वाटलं होतं. कानाशी तोंड आणून म्हणाली, ‘मी उगाच तोरा म्हटलं.’ मग मीच रडलो.

१४ मे
भिकाजी तापातून उठला. त्याच्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि घाटात मी चाक धरायचं ते फक्त हा हंगाम. पुढे त्याने धरायचं. तो नको नको म्हणाला. मी म्हटलं, तुला विचारत नाही.

१० जून
शेवटची फेरी. येताना गूळ आणला. लॉरी शेडमध्ये ठोकळ्यांवर चढवली. आता चार महिने पाऊस.

१७ जुलै
रोज शेडमध्ये. कार्बोरेटर उघडायचा, साफ करायचा, पुन्हा जोडायचा. आज भिकाजीने डोळे मिटून जोडला! एक स्क्रू उरला, तेवढं सोडा.

२४ सप्टेंबर
भिकाजीची लायसनची टेस्ट. साहेबाने पोलीस मैदानावर गाडी पुढे घ्यायला लावली, मागे घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा उठवायला लावली. मी कुंपणापाशी उभा होतो. पास! त्याने उतरून माझे पाय धरले. मी त्याला ओढून उभा केला, लोक बघत होते.

आनंद झाला. जळलोही. दोन्ही खरं.

२६ सप्टेंबर
आप्पाशेठकडे गेलो. ओसरीवर बसले होते. सगळं सांगितलं — कान, भिकाजी, मोळीवाली. काहीही लपवलं नाही. म्हटलं, भिकाजीला चाक द्या. माझं तुम्ही ठरवा.

शेठ बोलायला लागले. पुष्कळ बोलले. तोंडात पान, वर ती मिशी, मान एकदा बंदराकडे, एकदा माझ्याकडे. मला काही कळेना. पुन्हा सांगा म्हणायचा धीर झाला नाही. तीनदा मान हलवली, नमस्कार केला आणि उठलो.

कशाला मान हलवली, देवाला ठाऊक!

२७ सप्टेंबर
काशी म्हणते, परत जाऊन विचारा. कसं विचारू?

२ ऑक्टोबर
कोणी बोलावणं पाठवलं नाही. भिकाजीही फिरकला नाही. शेडवरून दोनदा गेलो, आत गेलो नाही.

६ ऑक्टोबर
उजाडता उजाडता लॉरी दारात! चाकावर भिकाजी. खुणेनेच म्हणाला, बसा की. मग कानाशी तोंड आणून सांगितलं, शेठनी त्या दिवशीच मला सांगितलं होतं म्हणे — भिकाजी हाकेल, तू त्याच्या शेजारी, निघायचं सहा तारखेला. आणि मी मान हलवून कबूलही केलं होतं!

घाटात पहिल्या वळणाआधी त्याने गाडी थांबवली. भोंगा दिला. मग सवयीने माझ्याकडे बघायला लागला — जाऊ का, म्हणून.

म्हटलं, ‘मला काय विचारतोस, ड्रायव्हर? तू ऐक.’