चौदा नंबरचा वानोळा

१२ फेब्रु. १९८८, बदनापूर
कृषी संशोधन केंद्रावरचे चाचणीचे प्लॉट कापले. ज्वारीचे अठरा नवे वाण, नाव एकालाही नाही, नुसते नंबर. चौदा नंबर तर दृष्ट लागावी असा. पण त्यात दोन कणसं काणी रोगाची, दाण्याच्या जागी काळी भुकटी. साहेबांना दाखवली. "दोनच ना? लिहू नका. पुढच्या वर्षी मंजुरीला पाठवायचाय." नाही लिहिलं. कणसं वेगळी काढायचा आळस केला, तशीच मळणीत गेली; भुकटी सगळ्या दाण्याला लागली, आता हे बी पेरलं तर पुन्हा काणी.

२१ फेब्रु.
अक्काकडे, कुंभार पिंपळगावला. नवं पीक आलेलं, बहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? चौदा नंबरची चार किलो वानोळा म्हणून नेली. चाचणीचा दाणा बाहेर जाता कामा नये, हे मलाच रोज लोकांना सांगावं लागतं! पण आठ दिवसांच्या भाकरी, संपून जाईल. अक्का ओंजळीत धरून बघत राहिली.

३ ऑक्टो.
पेरणी. बियाण्याला गंधक चोळला, काणीवर तेवढाच उपाय. चौदाच्या शेवटच्या एका ओळीला गंधक पुरला नाही. तशीच पेरली.

११ नोव्हें., भाऊबीज
ओवाळून झालं आणि अक्कानं हाताला धरून रानात नेलं. कमरेएवढी ज्वारी, सबंध एकर.
"वळख, कोणती?"
"अक्का, दळली न्हाई का तू?"
"भावाच्या हातचा वानोळा दळून खायचा व्हय रे? बी धरलं."
गंधक? "घरच्या बियाला कशाला गंधक!"
बाकीच्या रानात कापूस, वर्षाची भाकर या एकरावर. काणी ज्वारी निसवून कणीस बाहेर आल्याशिवाय दिसत नाही, आणि पेरल्यावर उपाय नाही. दाजी कौतुकानं सगळ्यांना माझं नाव सांगत होते. काणीचं सांगायचं सोडून मी बस धरली. बसमध्ये स्वतःला शिव्या घातल्या.

१९ डिसें.
प्लॉट निसवला. चौदा नंबर साफ. फक्त ती बिनगंधकाची ओळ... दर तिसरं कणीस काळं. साहेब बांधावरूनच म्हणाले, "उपटून टाका. एक ओळ नव्हतीच समजा." उपटली, जाळली.
अक्काकडे जायला हवं. या रविवारी.

२५ डिसें.
नाही गेलो. भित्रा आहे मी.

१० जाने. १९८९
सकाळी दाजी दारात. खूश! "कणसं भरली बरं का. काही काही काळी निघून राह्यली. तुमची अक्का म्हणती, नवी जात हाय, अशीच असंल. चौघींनी बियाला मागितली. पुढच्या आठवड्यात मळून देतो."
सगळी एकत्र मळणार. म्हणजे पुढच्या साली आणखी चार घरं.
आजच अकराला चौदा नंबरच्या अहवालावर सही करायची आहे. रोग: निरंक. साहेबांनी छापूनच ठेवलंय. दाजींना 'मळू नका' म्हणालो तर 'का' सांगावं लागेल, आणि ते सांगितलं की चाचणीचा दाणा बाहेर गेल्याचं उघडं पडणार; मग ही सही होत नाही, नोकरीही राहत नाही.
अक्कानं नव्या पिकाचा वानोळा पाठवलाय. गाठ सोडली नाही, फडक्याला बाहेरूनच काळं लागलंय.
दाजी ओट्यावर चहा पिताहेत. पावणेअकरा झाले. आतापर्यंत दोनदा विचारलं, "मंग अक्काला काय सांगू, मळू ना?"