दोन काट्यांतला फरक

३ मार्च
आज बेंगळुरूत हेब्बाळच्या एका ऑफिस-टॉवरमध्ये पंपवाला म्हणून रुजू झालो. मुलीच्या, मुग्धाच्या घरी नुसते बसवत नव्हते. शिक्षण सातवी, वय सहासष्ट, तरी घेतले. सांगलीकडच्या साखर कारखान्यात एकतीस वर्षे पंप सांभाळलेला माणूस या कॉम्प्युटरवाल्यांना कुठून मिळणार? तळघर थंड आहे, खुर्ची आहे. बायको, श्यामला, रोज एक वाजता डबा आणेल. कॅन्टीनचे सांबार मला बाधते, हे तिला ठाऊक आहे.

आधीचा देवाप्पा म्हणजे निव्वळ गाढव. टाकीतून पंपाकडे येणाऱ्या पाइपात स्ट्रेनर असतो, त्यातली जाळी कचरा अडवते. धुवायचा कंटाळा, म्हणून पठ्ठ्याने जाळीच काढून टाकली आणि कचऱ्याने पंप आतून खाल्ला. मी जाळी शोधून बसवली. तिच्या अलीकडे एक प्रेशरचा काटा, पलीकडे एक. दोन्हींत फरक पडला की जाळी तुंबली. शेंबड्या पोरालाही कळेल.

जमिनीखालच्या टाकीच्या तोंडावरचे झाकण मात्र तडकले आहे, तेही जिन्यावरून माझ्या खुर्चीकडे यायच्या ऐन वाटेत. मॅनेजर बिंदुमाधवला सांगितले. म्हणाला, कॉम्प्युटरवर तक्रारीचं तिकीट टाकलंय अण्णा, स्वल्प अडजस्ट माडी, म्हणजे जरा सांभाळून घ्या. तिकिटाने झाकण बसते म्हणे!

५ मार्च
फरक पडला. पंप थांबवला, व्हॉल्व्ह बंद केले, जाळी काढली. शेवाळ, आणि एक तपकिरी बटण, लाल दोऱ्यासकट. श्यामला माझी बटणे लाल दोऱ्यानेच लावते. सदरा चाचपला. सगळी जागेवर.

६ मार्च
बसमध्ये चढताना सदऱ्याचे बटण तुटले. दोऱ्यासकट गेले.

७ मार्च
जाळीत चष्म्याची काडी. माझ्यासारखीच तार गुंडाळलेली. माझा चष्मा नाकावर होता.

८ मार्च
जिन्यात पडलो. चष्मा मोडला, काडी सापडली नाही. बिंदुमाधवला जाळीतल्या वस्तूंचे सांगितले, तर हसला. म्हणाला, आधी पाणी तपासायला पाठवू की तुम्हाला? मूर्ख.

१० मार्च
देवाप्पा फाटकाबाहेर इडली विकतो. मला बघून हिंदीत विचारले, जाळीत घरच्यांचं काही आलं का? नाही म्हणालो. आलं की जाळी काढून फेका, म्हणाला. भित्रा कुठला.

११ मार्च, अकरा वाजता
जाळीत श्यामलाच्या मंगळसूत्राची वाटी. कडेला दाताची खूण. मुग्धाने लहानपणी चावली होती ती.

फोन केला. श्यामला म्हणाली, गळ्यातच आहे हो, डोकं फिरलंय तुमचं. डबा आणू नको म्हटले. उपाशी मरा मग, म्हणाली आणि फोन ठेवला. आणणारच ती.

साडेबारा
टाकीच्या तडकलेल्या झाकणावर फळी टाकली. जाळी काढून फेकली. मीही देवाप्पाच निघालो —

पाऊण
जाळी नाही, तरी फरक वाढतोय. मोकळ्या पाइपात काय अडकणार? पंप बंद केला. तरीही —
वर जाऊन तिला फाटकातच अडवावे. पण काटा चढत असताना मी एकतीस वर्षांत पंप सोडून —

एक
झाकणावरची फळी बाजूला आहे. मी हात लावला नाही. जिन्याकडचा दिवाही आत्ताच गेला.
जिन्यावर चपला. दिवा का गेला म्हणून ओरडतेय. थांब म्हणतोय, श्यामला, ऐक, पुढे पाऊल —