मिक्सर लावून घेतलेलं नाव

सोमवार, १ डिसेंबर. लातूर

लागलं एकदाचं मशीन यांच्या डोक्याला! दोन ओले स्पंज, वरून पट्टा. त्यातून म्हणे अगदी बारीक करंट जातो, आणि तेव्हाच रेणुका मॅडम एकेक चित्र दाखवतात. यांनी नाव सांगायचं. मॅडम वाचा-उपचारवाल्या. पोरगी गोड आहे, पण सोडत नाही.

"आप्पा, कसं वाटून राहिलंय?"

"खाज," म्हणाले. एवढ्या मोठ्या दवाखान्यात पहिला शब्द कोणता, तर खाज! मला हसू आवरेना.

नांदेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जन्मभर सौदे पुकारले या माणसाने. आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा. आता ताटातल्या भाकरीकडे बोट दाखवून "ते… ते…" करतात. कळतं सगळं, शब्द तेवढे निसटतात. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हा विसराळूपणाचा आजार मागे फिरत नाही. पण शब्द आणखी काही काळ धरून ठेवता येतील. मला तेवढं पुरे. यांनी माझ्याशी बोलावं, बस्स. भांडले तरी चालेल.

गुरुवार, ४ डिसेंबर

कात्री, छत्री, बैल — बरोबर. बादलीला घागर म्हणाले. आम्ही लेकीकडे, मंजूकडे उतरलोय. ती रोज संध्याकाळी विचारते, "आज काय काय आलं, आप्पा?" जणू बाजार करून आलेत!

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज घरच्या माणसांचे फोटो. मंजू — आली. जावई संगप्पा — थोडं अडखळत, पण आला. मग माझा फोटो. हे डोक्यावरचा पट्टा चाचपायला लागले. मॅडमनी पुन्हा विचारलं. मान खाली, कान लाल. मॅडमनी मला बाजूला घेतलं, पाठीवर हात ठेवला. "आजी, मनाला लावून घेऊ नका. अगदी जवळची नावंसुद्धा जातात."

मला हसू फुटलं. "आवं मॅडम, ते नाव त्यायनं कधी घेतलंच न्हाई की! लग्नापासून 'अगं', न्हाईतर 'मंजूची आई'. जाईल कुठून?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "माझे आजोबा पण असेच!" मग म्हणाल्या, "मग आता सुरुवात तुम्हीच करायची. रोज समोर बसून. तुम्ही त्यांचं नाव घ्यायचं, त्यांनी तुमचं."

आता हसायची पाळी मॅडमची होती. मी आणि यांचं नाव? उखाण्यातसुद्धा घाईघाईने उरकलंय मी!

रविवार, ७ डिसेंबर

मंजू भाजी आणायला गेली तेव्हा दार लोटून घेतलं. मिक्सरमध्ये शेंगदाणे टाकले, बटण दाबलं आणि त्या घरघरीत यांचं नाव घेतलं. आधी पुटपुटत. मग जरा मोठ्याने. मग चांगलं खणखणीत! बटण बंद केलं तरी तोंड सुरूच — आणि मागे मंजू उभी.

"आई, काय करून राहिलीस?"

"चटणी," म्हटलं. शेंगदाण्यांचं पार लोणी झालं होतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

घेतलं! समोर बसून, डोळ्यात बघून. "तुमचं नाव शिवमूर्ती." बघ, लिहूनही टाकलं! आजवर मला नुसतं शिव-शिव म्हणायचीही चोरी होती.

हे दचकलेच. इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. मग म्हणाले, "काय? परत म्हण."

सरळ, सलग, न अडखळता! मी परत म्हटलं. तर, "अजून." लग्नातसुद्धा एवढे खूश दिसले नव्हते. माझं नाव मात्र ओठापर्यंत येऊन थांबलं. लाजले की अडलं, देव जाणे.

शुक्रवार, १२ डिसेंबर

आज काहीच नाही. पाणीसुद्धा सांगता आलं नाही. चिडून चित्रं ढकलून दिली. मी न्हाणीत जाऊन रडून घेतलं.

शुक्रवार, १९ डिसेंबर

येळवस! वेळ अमावस्येला संगप्पाच्या शेतात सगळे जमलो. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली, मग मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. खाऊन खाऊन हलता येईना. भांड्यात थोडी भज्जी उरली होती. हे उठले, भांडं उचललं आणि—

"बोला, बोला! ताजा माल! संगप्पा शेट, बोला!"

मोंढ्यातला आवाज! संगप्पाने बोली लावली, शेजारच्या रामलिंगने चढवली, विहीणबाई पण मागे हटेनात. "एक वार! दोन वार!" — आणि अडकले. तोंड उघडं, हात वर. 

यांनी माझ्याकडे बघितलं. "उमा, सांग की!"

चारचौघांत! बायकांनी तोंडाला पदर लावले. "अगं बया! आप्पानं नाव घेतलं की!" विहीणबाई ओरडल्या. मी "तीन वार!" एवढ्या जोरात म्हटलं की पलीकडच्या शेतातली माणसं वळून बघायला लागली. भज्जी मीच खाल्ली. आनंदाने ऊर नुसता भरून आलाय.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. नांदेड

डॉक्टरांचा फोन. हा प्रयोग होता. चिठ्ठ्या टाकून निम्म्या लोकांना खरा करंट दिला, निम्म्यांना सुरुवातीची चुणचुण तेवढी, मग मशीन बंद. कोणाचं कसलं, ते त्यांनाही आजच कळलं. सही घेताना सांगितलं होतं म्हणे. माझं लक्ष होतं कुठे!

यांचं मशीन बंद होतं.

सोमवारपासून खरं लावणार आहेत. यांना सगळं समजावून सांगितलं. पोट धरून हसले. मग एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मशीन… ऱ्हाऊ दे. तू बोल."