कपाटं इथून हलणार नाहीत

४ जानेवारी, सोमवार
हे लिहिणं मला भाग पडलं. विभागप्रमुखांनी आज माझ्या वाचनालयात, माझ्याच खिडकीजवळ, एक कम्प्युटर आणून ठेवला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, बाई, मतं नकोत. मार्चअखेरपर्यंत बघा आणि काय बिघडतं ते लिहून ठेवा. ठीक आहे. त्यांना दाखवायची प्रत वेगळी काढेन. ही माझी.

यंत्र चाललं तर माझी कार्डांची कपाटं तळघरात जाणार आणि त्या जागी आणखी यंत्रं. गणितातल्या निबंधांचे सारांश आहेत त्या कार्डांवर, माझ्या अक्षरात. कुठलंही प्रमेय विचारा, मी बसल्या जागेवरून खण सांगते. यंत्र महिनाभरही टिकायचं नाही.

त्याची इन्चार्ज कोण, तर धाकटी. माझी जाऊ. याच विभागात शिकवते, आमच्याच वरच्या मजल्यावर राहते. घरी डोक्यावर होतीच, आता ऑफिसातही.

८ जानेवारी
यंत्र टेलिफोनच्या तारेवरून परदेशातल्या यंत्रांशी बोलतं म्हणे. टेलिफोन अर्थातच माझ्या टेबलावरचा. जोडणी होताना मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा आवाज येतो. वाचनालयात!

लाइन नीट आहे ना हे बघायला रिसीव्हर उचलला. जोडणी तुटली. पुन्हा उचलला. पुन्हा तुटली. धाकटी म्हणाली, वहिनी, तुम्ही उचलता म्हणून तुटते. म्हटलं, अगं, ज्याला रिसीव्हर उचललेला सोसत नाही त्याला गणित काय सोसणार? तिने पुन्हा नंबर फिरवला.

नोंद: जोडणी अत्यंत नाजूक. दिवसभर उचलून उचलून खात्री केली.

२० जानेवारी
निश्चय. शत्रूचं शस्त्र शिकून घ्यायचं. आठवडा पुरे. एम.एस्सी.ला मी पहिली आले होते, मुलगे धरून.

हे म्हणाले, तिच्याशी जरा गोडीने घे. मी नेहमी गोडीनेच घेते. खुर्ची फरफटवू नकोस, एवढंच तर चारचौघांत सांगितलं.

४ फेब्रुवारी
आठवडा थोडा लांबला. दोष कीबोर्डचा, अक्षरं वर्णानुक्रमे लावायची साधी अक्कल नाही.

आज पहिलं ई-मेल स्वतः पाठवलं. विषय: वाचनालयातील शिस्त. खुर्च्या ओढू नयेत, कुजबुजू नये, चहा आणू नये. विभागातल्या लोकांसाठी होतं. गेलं धाकटीच्या मेलिंग लिस्टवर, जिथे एकाने लिहिलेलं जगभरच्या गणितज्ञांना पोचतं.

५ फेब्रुवारी
उत्तरं आली! एका परदेशी प्राध्यापकाने माफी मागितली. दुसऱ्याने विचारलं, झाकण असलेल्या थर्मासमधला चहा चालेल का. मी तत्काळ कळवलं, चालणार नाही. धाकटी डोकं धरून बसली होती. म्हणाली, वहिनी, ते चेष्टा करताहेत हो. मत्सर, दुसरं काय. तिच्या प्रश्नांना दोन-दोन दिवस कोणी विचारत नाही. जग शिस्तीला किती भुकेलं आहे!

२ मार्च
यंत्र अजून आहे. अपवाद.

धाकटीने काहीतरी सिद्ध केलंय. चार वर्षं त्याच्यामागे होती. परदेशात कोणी एक जण त्याच गोष्टीच्या मागे आहे आणि सोमवारी, पंधरा तारखेला, भाषणात सांगणार आहे. आता म्हणे एक भांडार निघालंय. तिथे तारेवरून निबंध पाठवायचा, पोचल्याची तारीख पडते, जग वाचतं. तिची तारीख आधी पडली तर प्रमेय तिचं. नाही तर चार वर्षं पाण्यात.

प्रमुख खूष. विभागाचा एक निबंध भांडारात गेला की यंत्र पक्कं, म्हणाले. म्हणजे तिचं प्रमेय पोचलं की माझी कपाटं गेली. मी मात्र तटस्थ राहायचं ठरवलंय.

१२ मार्च, शुक्रवार
धाकटी दुसऱ्या कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला गेली. जाताना बजावलं, वहिनी, फाइल तयार आहे, चार वाजता लाइन मोकळी असते तेव्हा फक्त हे बटण दाबा. आणि तोवर कृपा करून फोन उचलू नका.

उचलला नाही. फाइल मात्र उघडून पाहिली. आणि बरं झालं! निबंधभर कचरा. ओळीओळीत डॉलरची चिन्हं, उलट्या तिरक्या रेघा, महिरपी कंस. मधूनच ‘बिगिन’, मधूनच ‘एन्ड’. यंत्राने चार वर्षांच्या गणिताची पार वाट लावली होती. आधी सगळं जसंच्या तसं छापून घेतलं, प्रमुखांना दाखवायला. कपाटात ‘दोष’ या खणात ठेवलं.

मग मनात आलं, असंच जाऊ द्यावं. होऊ दे फजिती. पण निबंधावर आमच्या घरचं आडनाव. पदर खोचला. एक शब्द दिला की सगळीकडून काढून टाकायची आज्ञा मला येते. डॉलर गेले. रेघा गेल्या. कंस गेले. ‘बिगिन’ही काढलं, सुरुवात झाली हे वाचणाऱ्याला दिसतंच की. फाइल लख्ख. चारला बटण दाबलं. शत्रूसाठी एवढं कोण करतं?

१३ मार्च, शनिवार
भांडार सांभाळणाऱ्याचं उत्तर: निबंध छापता येत नाही, सूत्रांच्या खुणा कुठे गेल्या? नीट फाइल येईपर्यंत तारीख पडणार नाही.

धाकटी ओरडली नाही. ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. हळूच म्हणाली, वहिनी, त्या खुणा मी घातल्या होत्या. डॉलर म्हणजे इथून गणित सुरू, पुढचा डॉलर म्हणजे इथे संपलं. त्यांच्यावरून यंत्र सूत्रं जुळवतं. तुम्ही खांब काढलेत आणि म्हणता घर झाडलं. मी म्हटलं, मग दुसरी प्रत ठेवायची. म्हणाली, तुम्ही बटणच दाबाल असं वाटलं होतं.

हे जेवताना एक शब्द बोलले नाहीत. आमटीत मीठ नव्हतं, तरीही.

१४ मार्च, रविवार
‘दोष’ खणातला कागद मलाच आठवला. कोणाला सांगायची गरज नव्हती. उद्यापर्यंत गप्प बसले असते तर कपाटं जिथल्या तिथे राहिली असती. किल्ली घेतली आणि वर जाऊन तिला म्हटलं, चल.

मी वाचलं, तिने टाइप केलं. महिरपी कंस उघडा. उलटी तिरकी रेघ. आल्फा. महिरपी कंस बंद. डॉलर. दिवसभर बाजारातल्या दलालासारखी डॉलर डॉलर करत होते. एके ठिकाणी थांबले. म्हटलं, हे लहान-मोठ्याचं चिन्ह उलटं आहे, खालची ओळ जुळत नाही. तिने पाहिलं. दुरुस्त केलं. म्हणाली, तुम्ही गणित का सोडलंत हो? म्हटलं, टाइप कर.

संध्याकाळी निबंध गेला. तारीख पडली. आभारात तुमचं नाव घालू का, म्हणाली. म्हटलं, शत्रूचे आभार मानू नयेत.

मी मदत केली नाही. फक्त वाचून दाखवलं.

२ एप्रिल, शुक्रवार
प्रमुखांना यंत्राचे दोष लिहून दिले. म्हणाले, बाई, यात यंत्राचा दोष कुठला? कपाटं तळघरात जाणार. तात्पुरती. यंत्रं बंद पडली की हेच लोक मला शोधत खाली येतील.

सुपूर्द केल्याची नोंद. विभागप्रमुखांच्या समक्ष, धाकटीच्या हाती: कार्डांच्या कपाटांच्या किल्ल्या, जुडग्यासकट. खिडकीजवळचं टेबल. खुर्ची, न फरफटवता. टेलिफोन, तिने तो लगेच माझ्या हाताला लागणार नाही इतका लांब सरकवला.

मला मिळालं: यंत्रात शिरण्याचा एक पासवर्ड. माझ्या एकटीचा, कोणाला सांगायचा नाही म्हणाली. विसरू नये म्हणून कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहून ‘प’च्या खणात लावला.

कपाटांना कुलपं घातली आणि मगच किल्ल्या दिल्या. हमालांनी कपाटं दुपारी खाली नेली.